समोरच्या खिडकीतला दिवा

नऊ नोव्हेंबर, रविवार. तिकिटं दोन, प्रत्येकी एकशे ऐंशी, एकूण तीनशे साठ. सगळे माझ्या खिशातून गेले, कारण भाऊजींनी घरून पाकीट आणलं नव्हतं. पाकीट कपाटाच्या खणात असतं, खण उघडला की कुरकुरतो, आणि ती कुरकुर ऐकली की ताई स्वयंपाकघरातून विचारते, "कुठे निघालात?" त्या दिवशी भाऊजींना हा प्रश्न नको होता. ते तिच्याच मागे निघाले होते.

भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. पुरुषांचे कोट शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दुकान दुसऱ्याचं होतं, पण कापड कापायचं काम यांच्याकडे, आणि यांनी कापलेला कोट खांद्यावरून ओळखू यायचा. आता गुडघे दुखतात, नजरही अधू झाली आहे. तरी कुणी घरी आलं की आधी त्याच्या कॉलरकडे बघतात, मग चेहऱ्याकडे. मी हिशेब खात्यात असल्यामुळे मला ते पहिल्यापासून खजिनदार म्हणतात. शिवणकामात त्यांच्या हातून चूक झाल्याचं मी ऐकलं नव्हतं. एक सोडून, आणि ती पुढे येईल.

ताई टपालखात्यातून निवृत्त झाली, त्यानंतर एका संस्थेनं तिला विचारलं, जुन्या ज्यू वस्तीतून लोकांना फिरवून माहिती द्याल का? आम्ही ज्यू नाही. पण आमचं घर त्या गल्लीच्या तोंडाशी होतं, आणि तिथली बहुतेक कुटुंबं देश सोडून गेली तरी कोणत्या दारात कोण राहत होतं हे ताईला तोंडपाठ होतं. सहा वर्षं झाली, दर रविवारी ती लोकांना घेऊन हिंडते. गर्दीत आपला माणूस दिसावा म्हणून हातात एक उंच लाकडी पट्टी धरते, टोकाला पिवळी फीत बांधलेली. ती पट्टी भाऊजींची, कापड मोजायची.

सहा वर्षांत भाऊजी एकदाही गेले नाहीत. "ज्या गल्लीत उभं आयुष्य काढलं तिथे तिकीट काढून फिरू?" असं चारचौघांत म्हणायचे. मला एकट्याला गाठून एकदा म्हणाले, "माझी पट्टी घेऊन बाई त्याच्या दारात उभी राहते. लोकांना त्याच्या गोष्टी सांगते. मी कशाला ऐकू?"

तो म्हणजे घड्याळवाला.

भाऊजींच्या दुकानासमोर खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि वर दोन खोल्या. तिथे एक ज्यू घड्याळवाला आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहायचा. लग्न झालेलं नव्हतं. उंच, सडपातळ, बोलायला मऊ. भाऊजी तेव्हा नवे कारागीर होते, त्यांचं टेबल खिडकीशी. शुक्रवारी संध्याकाळी कात्री चालवता चालवता त्यांना दिसायचं, की गल्लीच्या तोंडाशी राहणारी टपालातली मुलगी समोरचा जिना चढून वर जाते. थोड्या वेळानं वरच्या खिडकीतला दिवा जातो. आणि दिवा गेल्यावर बऱ्याच वेळानं ती मुलगी खाली उतरते.

ती मुलगी म्हणजे ताई. मी तेव्हा कॉमर्स शिकायला दुसऱ्या गावी होतो, त्यामुळे मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पुढे घड्याळवाला परदेशात बहिणीकडे निघून गेला. त्यानंतरच्या वर्षी भाऊजींनी आमच्या वडिलांना विचारलं, वडिलांनी ताईला विचारलं, ताई हो म्हणाली. बेचाळीस वर्षं संसार झाला. त्या दिव्याबद्दल भाऊजींनी तिला कधी विचारलं नाही. मी म्हटलं, "का नाही विचारलंत?" तर म्हणाले, "विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मग काय करणार होतो मी?"

एवढी वर्षं निभावलं. पण ऑक्टोबरमध्ये एक दिवस फोन आला. घड्याळवाल्याची भाची बोलत होती. मामा गेला, म्हणाली, तुमची आठवण काढायचा म्हणून कळवते. ताईनं फोन ठेवला आणि गॅससमोर जाऊन उभी राहिली. दूध वर आलं, उतू गेलं, शेगडीवरून खाली ओघळलं. ती बघत होती.

"माझी आई गेली त्या दिवशी हिनं दूध वेळेवर उतरवलं होतं," भाऊजी मला म्हणाले. "लक्षात आहे माझ्या."

तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष लागेना. तो तर गेला. आता त्या अंधाराबद्दल सांगू शकेल असं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते रोज त्यांच्या समोर बसून जेवत होतं. विचारायची हिंमत नव्हती. तिकीट मात्र कुणालाही मिळतं.

"तू नुसता सोबत ये, खजिनदार," ते म्हणाले. "दोघं असले की पाहुणे वाटतात. एकटा असला की नवरा वाटतो."

आम्ही प्रार्थनामंदिराच्या लोखंडी फाटकापाशी पोचलो तेव्हा पंधराएक माणसं जमली होती. भाऊजींनी कान झाकणारी टोपी घातली होती आणि माझा गॉगल लावला होता. कोट मात्र स्वतः शिवलेला. ताईनं पट्टी उंच करून सगळ्यांवरून नजर फिरवली. ती नजर त्या कोटाच्या खांद्यावर क्षणभर थांबली.

"तिकिटं दाखवा," ती म्हणाली. मी दोन्ही पुढे केली. तिनं कोपरे फाडले. "आजोबा, ऐकू कमी येत असेल तर पुढे उभे राहा."

"ऐकू येतं मला," भाऊजी म्हणाले.

"बरं आहे मग."

आत उंच खिडक्या, मधोमध एक चौथरा, वर बायकांसाठी सज्जा. बाकांवर अजून पितळी पाट्या होत्या, ज्याच्या त्याच्या नावाच्या. ताईनं सांगितलं, सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. वस्ती ओसरत गेली तसे दहा जमेनात. मग कुणीतरी घड्याळवाल्याच्या दुकानात धावत जायचं. तो हातातलं काम टाकून यायचा. एकदा तर डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर तसंच ठेवून तो प्रार्थनेला उभा राहिला होता. लोक हसले.

"दहावा," भाऊजी माझ्या कानात पुटपुटले. "त्याच्यावाचून देवाचंसुद्धा अडत होतं बघ."

"हळू बोला."

"हळूच बोलतोय. ती मोठ्यानं बोलतेय."

तिथून गल्लीत आलो. भाऊजींचं जुनं दुकान आता कुलूपबंद आहे. समोर घड्याळाच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करतात. जिन्याचं दार मात्र तेच. ताईनं पट्टीच्या टोकानं उजव्या चौकटीवरची एक तिरकी खूण दाखवली. रंगाचे कितीतरी थर बसलेले, तरी बोट फिरवलं की लागते. ज्यू घरांच्या चौकटीला अशी एक छोटी नळी ठोकलेली असते, आत धर्मग्रंथातला मजकूर लिहिलेली चामड्याची गुंडाळी. तिला मेझुझा म्हणतात. आत जाताना, बाहेर पडताना माणसं तिला बोटं लावतात. घर सोडताना घड्याळवाल्यानं ती काढून नेली, खूण मागे राहिली. लोकांनी रांगेनं बोटं फिरवली. भाऊजींनी हात खिशात ठेवले.

"आता वर बघा," ताई म्हणाली. "ती खिडकी. या लोकांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो. मग दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत काम करायचं नाही. विस्तव पेटवायचा नाही, दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही. म्हणून दिवा आधीच लावून ठेवायचे. पण म्हातारीला उजेडात झोप यायची नाही. आणि दिवा मालव म्हणून दुसऱ्याला सांगायचं, तर तेही चालत नाही. मग शेजारची एक मुलगी दर शुक्रवारी आपणहून वर जायची आणि दिवा मालवायची. अंधारात म्हातारीजवळ बसायची. म्हातारी तिला या गल्लीच्या गोष्टी सांगायची. आज तुम्हाला सांगते त्यातल्या निम्म्या तिथल्याच."

भाऊजींनी गॉगल काढला. खिडकीकडे बघितलं, मग मागे वळून स्वतःच्या बंद दुकानाकडे. माझ्या खांद्यावर त्यांचा हात पडला, चांगला जड.

"खजिनदार," ते म्हणाले, "म्हातारीसाठी रे. म्हातारीसाठी जात होती."

"मग झालं तर."

"बेचाळीस वर्षं मी एका म्हातारीवर जळलो."

पुढच्या वळणापर्यंत ते तरुण माणसासारखे चालले. एका पर्यटकाच्या जॅकेटची चेन अडकली होती ती काढून दिली, वर त्याला जॅकेट कोणत्या कापडाचं घ्यावं हेही सांगितलं. मग एकदम त्यांची चाल मंदावली.

"म्हातारी गेली तेव्हा उन्हाळा होता," ते म्हणाले. "आम्ही दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं होतं."

"असेल."

"तो परदेशी गेला पुढच्या थंडीत. त्याचा प्रवासाचा कोट मीच शिवला ना. मधले शुक्रवार? दिवा तेव्हाही जात होता. मी बघत होतो."

त्यांचं बरोबर होतं.

शेवटचा थांबा ज्यू समाजाचं सभागृह. भिंतीवर जुने फोटो लावलेले. एकात घड्याळवाला जहाजाच्या धक्क्यावर उभा होता, अंगात नवा गडद कोट, डावा हात कोपरात वाकवून छातीशी धरलेला.

"हात असा का धरलाय सांगा," ताईनं विचारलं. कुणी म्हणालं दुखत असेल, कुणी म्हणालं तेव्हा फोटो तसेच काढायचे. "डावी बाही आखूड आहे," ताई म्हणाली. "बोटभर. त्याच्या समोरच्या शिंप्यानं शिवलेला कोट. गल्लीतला सगळ्यात हुशार शिंपी. त्याच्या हातून असं चुकून व्हायचं नाही."

सगळे हसले. एका बाईनं विचारलं, "मग मुद्दाम का केलं?"

"ते शिंप्यालाच विचारायला हवं," ताई म्हणाली, आणि भाऊजींकडे बघितलंसुद्धा नाही.

भाऊजींचा चेहरा टोपीखाली लाल झाला. सहा वर्षं, दर रविवारी, ही बाई त्यांची बाही लोकांना दाखवत होती. ते वर्मी लागलं, तरी मला वाटतं, आपणही या सहलीत आहोत याचं त्यांना आतून थोडं बरंही वाटलं असावं. पण ते टिकलं नाही. ते परत फोटोकडे बघायला लागले. बाही आखूड असूनही कोट त्या माणसाला शोभत होता.

"कुणाला काही विचारायचंय?" ताई म्हणाली.

भाऊजींनी हात वर केला. शाळेत करतात तसा.

"विचारा, आजोबा."

"म्हातारी वारल्यानंतर," भाऊजी म्हणाले, "ती मुलगी जायची?"

"जायची."

"कशाला?"

"शब्बाथ म्हातारीबरोबर संपला नव्हता. दिवा मालवायला कुणीतरी हवंच होतं."

"आणि मालवल्यावर बसायची?"

"बसायची. खालून दुकानातली घड्याळं ऐकू यायची. शुक्रवारी त्यांना तो हात लावायचा नाही, त्यामुळे किल्ली संपली की एकेक बंद पडायचं."

"ते दोघं बोलत काय होते?"

लोकांना वाटलं असावं, म्हाताऱ्याला गोष्टीची फारच गोडी लागली. ताईनं पट्टी या हातातून त्या हातात घेतली. मी तिचा सख्खा भाऊ, पण तिच्या चेहऱ्यावरून मलाही काही कळलं नाही.

"ते तिकिटात येत नाही," ती म्हणाली. मग सगळ्यांचे आभार मानले, बाहेर पडायची वाट दाखवली.

फाटकापाशी माणसं पांगली. ताईनं पट्टी भाऊजींच्या हातात दिली. "धरा जरा, खांदा भरून आलाय. आणि ती टोपी काढा, घाम फुटलाय तुम्हाला."

"ओळखलंस केव्हा?"

"तुमचा कोट मी ओळखणार नाही होय?"

दोघं घराकडे निघाले, ती पुढे, हे पट्टी घेऊन मागे. घरी गेल्यावरही भाऊजींनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, तिनंही सांगितलं नाही. हे मला भाऊजींनीच कळवलं, आणि कळवताना त्यांचा आवाज काही बरा नव्हता. आता दर रविवारी ते आपल्या जुन्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसतात. ताई लोकांना घेऊन समोरच्या दाराशी थांबते, खिडकी दाखवते. हे खालून त्या खिडकीकडे बघत बसतात. तिकीट काढत नाहीत.

मी पैशांची आठवण केली तर म्हणाले, "ज्याच्यासाठी तिकीट काढलं ते त्यात नव्हतंच. बहिणीकडून परत माग."

ताईला सांगितलं. ती म्हणाली, "सगळी सहल ऐकली ना त्यांनी? मग त्यांच्याकडूनच घे."

एकशे ऐंशी अजून येणे आहेत.