आईला वाचून दाखवलेली भुताची कादंबरी

धुळ्याला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचायचं नाही म्हणून बजावलं. आईला दुपारच्या जेवणानंतर कादंबरी लागतेच. मग मी शनिवारी जळगावहून एसटीने यायचे आणि तिला वाचून दाखवायचे.

वडिलांनी वाचनालयातून आणलेली कादंबरी झपाटलेल्या घराची निघाली. पहिल्या शनिवारी आईला मजा आली. पुस्तक मी सोबत नेलं आणि बसमध्ये पुढचं चाळलं, तर त्या घरातलं भूत म्हणजे तिथल्या बाईचाच गेलेला मुलगा होता.

माझा मोठा भाऊ दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होता. काविळीचं निमित्त झालं आणि तो गेला. त्यानंतर घरात त्याचा विषय कोणी काढत नसे. आई रडेल म्हणून वडील गप्प, वडिलांचं बीपी वाढेल म्हणून आई गप्प, आणि दोघांकडे बघून मी.

पुढच्या खेपेला मी ती पानं गाळून वाचायला लागले. आई डोळ्यांवर काळा चष्मा लावून कॉटवर पडली होती.

"थांब," ती म्हणाली. "तू काहीतरी सोडी दिधं. मागलं पान वाच."

ऐकेचना. शेवटी वाचलं. मुलाच्या पावलांचा आवाज, हलणारा झोपाळा, सगळं. मग ती बाई मांत्रिकाला बोलावते, तेही वाचलं. आई उठूनच बसली.

"येडी शे का ती? पोऱ्या सोता घर येस, आन ही त्याले हाकली देस!"

मग आईच पुढे म्हणाली, "आपला पोऱ्या घर उना तं पह्यले शेंगदाणाना डबा उघाडे. आठवस का तुले?"

"आठवतं ना," मी म्हटलं.

बाहेरच्या खोलीत वडील टीव्हीवर बातम्या बघत होते. आवाज बंद झाला. ते दारात येऊन उभे राहिले. मी घाबरले.

"आन झाकन कधीच नही लावे," वडील म्हणाले.

आई हसली. खरंच हसली. मग काय, दोघांची सुरुवातच झाली. त्याने नवी मोटारसायकल पांझरेच्या पात्रात कशी रुतवली, लळिंगच्या किल्ल्यावर जातो सांगून सिनेमाला कसा गेला. वडील म्हणत सिनेमाला मित्र होता, आई म्हणे मैत्रीण होती. त्याचं नाव त्या दुपारी घरात इतक्या वेळा घेतलं गेलं की मी मोजणं सोडून दिलं. मधे आईच्या डोळ्याला पाणी आलं तेव्हा वडिलांनीच औषधाचे थेंब घातले आणि म्हणाले, "रडनी तं डोयाना टाका बिघडी." तरी बोलणं थांबलं नाही.

संध्याकाळी आईने मला फुणके, म्हणजे डाळीचे वाफवलेले गोळे, करायला बसवलं. भावाला कढी-फुणके फार आवडायचे. काळा चष्मा लावून ती शेजारून तूरडाळ कितपत भरड वाटायची ते सांगत होती. फुणके जरा मोडले, पण वडिलांनी दोनदा वाढून घेतले.

कादंबरी तशीच राहिली. वाचनालयात परत देताना तिथल्या बाईंनी शेवट कसा वाटला विचारलं. वडिलांनी सांगितलं, "शेवटपर्यंत पोहोचलोच नाही. घरी गप्पांतच वेळ गेला."