एकतीस बाइटांची किल्ली

वैजापूरची ती मुलगी आमच्या ऑफिसात रुजू झाली, त्या दिवसापासून मी तिच्यावर जळत होतो. कारण साधं होतं. साहेब माझा कोड वाचताना चष्मा पुसायचे आणि तिचा वाचताना मान डोलवायचे.

सिडकोतल्या त्या ऑफिसात आम्ही डिजिटल सह्यांची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामांना वापरता येईल असा तयार कोड, बांधत होतो. सही करायची गुप्त किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की, तिच्यात कशी ठेवायची हे दोघांनी आपापलं लिहून आणा, असं साहेबांनी सांगितलं. ज्याचं पसंत पडेल, लायब्ररी त्याच्या हाती. मी तिथं बारा वर्षं घासलेली. लायब्ररी मिळाली, असं घरी सांगूनही मोकळा झालो होतो.

एलिप्टिक कर्व्ह नावाच्या गणितावर बेतलेली ही किल्ली म्हणजे शेवटी एक अवाढव्य संख्या. मी ती संख्या म्हणूनच ठेवली. तिनं बत्तीस बाइटांचे बत्तीस खण केले. संख्या लहान निघाली तर पुढचे खण शून्यानं भरायचे.

"पुढच्या शून्याला किंमत नसते, हे चौथीत शिकवतात," मी सगळ्यांदेखत म्हणालो.

"व्हय सर, पण वाचणारा खण मोजतो ना."

साहेब हसले. मला तेवढंच ऐकू आलं.

मग तिला उघडं पाडायला मी एक टेस्ट लिहिली. दहा हजार किल्ल्या करायच्या, दोघांच्या कोडनं फाइलीत लिहायच्या, परत वाचायच्या. चुकली की लाल. साहेबांना चहासकट बोलावून आणलं आणि बटण दाबलं. लाल ओळी धडाधड आल्या.

"पकडली," मी म्हणालो.

साहेब वाकून बघत राहिले. "हौ, पकडे. मगर मियाँ, ये तो तुमारी फाइल है."

दर दोनशे छप्पन्न किल्ल्यांत सरासरी एखादी शून्याच्या बाइटनं सुरू होतेच. माझा कोड ते शून्य गाळून एकतीस बाइट लिहायचा आणि वाचताना बत्तीस भरत नाहीत म्हणून स्वतःचीच किल्ली नाकारायचा. तिच्या सगळ्या हिरव्या.

लायब्ररी तिच्याकडं गेली. तिनं त्याच दिवशी माझी टेस्ट लायब्ररीत घेतली आणि वर टीप लिहिली, 'ही सरांनी लिहिली आहे, काढू नये.' ते वाचून मी आणखीच जळलो. एवढा मोठेपणा मला काही सुचला नसता. अजूनही ती टेस्ट रोज चालते आणि मी एखाद्या लाल ओळीची वाट बघतो.

"मिळाली का हो तुमची लायब्ररी?" त्या संध्याकाळी बायकोनं विचारलं.

"तिच्यात माझी टेस्ट आहे."

"म्हणजे नाय मिळाली," ती म्हणाली, आणि ताट वाढायला उठली.