डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या

आमच्या शेजारच्या सिंधी मासीला कोणाचंही बोलणं जसंच्या तसं दुसऱ्याला सांगता येत नसे. कॅम्पाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तिला सिंधीतून लांबलचक काहीतरी सांगायच्या. मी खुळ्यासारखी मासीच्या तोंडाकडे बघत बसायची. मग मासी डोक्यावरची ओढणी सारखी करायची आणि मला मराठीत सांगायची, "म्हनते, मीठ बंद."

मला सहावा महिना असताना डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, की हिच्या रक्ताचा दाब चढलाय, तो उतरला नाही तर आई आणि मूल दोघांच्याही जिवाला धोका आहे, हिला हलवू नका आणि प्रवास तर मुळीच नको. हे सगळं मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मला कळलं ते एवढंच, की मीठ बंद. मी मनात म्हटलं, एवढ्यासाठी बाई इतकं बोलते, हिच्या नवऱ्याचं कसं होत असेल!

फाळणीनंतरची ती वर्षं. ह्यांना कॅम्पातल्या रेशन ऑफिसात कारकुनी मिळाली होती. उल्हासनगर हे नाव अजून कुणाच्या तोंडात बसलं नव्हतं, सगळे कल्याण कॅम्पच म्हणत. लढाई संपल्यावर लष्कराने सोडलेल्या बराकी, मधे गोणपाटाचे पडदे, आणि अशाच एका पडद्याआड आमचा संसार. आजूबाजूची सगळी माणसं घरदार टाकून सिंधहून आलेली. मी आले होते साताऱ्याकडून. पण परकी कोण म्हणाल तर मीच. नळावर सिंधी, दुकानात सिंधी, भांडणंसुद्धा सिंधीत. शेजारचं भांडण कळत नसेल तर बाईमाणसाने दिवस कसा काढायचा? आता कुणाची लेक अमेरिकेत बाळंत झाली की लोक हळहळतात. मी कल्याणच्या पुढे परदेशात बाळंत झाले, त्याचं कुणाला काही नाही.

मासी समोरच्या बराकीत राहायची. मुलगा दिवसभर कापडाच्या दुकानात, ही दारात खाटेवर पापड वाळत घालून बसलेली. आख्ख्या रांगेत मराठी येत होतं ते हिला एकटीला. ते ती बदलापूर-बेलवलीकडून भाजी घेऊन येणाऱ्या बायकांकडून शिकली होती. त्यामुळे तिच्या मराठीत घासाघीस तेवढी उत्तम होती. प्रेमाचं बोलली तरी वांग्याचा भाव पाडतेय असंच वाटे. "काय गो पोरी, सकालपासून खाल्लास काय? नाय? मंग मरशील ना!" ही तिची चौकशी.

मला दिवस गेलेत हे ह्यांच्याही आधी तिने ओळखलं. तिचा पापड तळल्याचा वास आला की मी नाकाला पदर लावून मागच्या दाराने पळायची. चारदा पळालेली पाहिल्यावर तिने मला हाताला धरून दवाखान्यात नेलं. मी म्हटलं, "अहो, मी काय आजारी आहे का?" आमच्या घरात पोटुशी बाई डॉक्टरकडे गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, सातव्यात माहेरी जायचं, पुढचं सुईण बघते, इतकं ते सोपं होतं. मासी म्हणाली, "चल गो, फुकट हाय." फुकट म्हटल्यावर मी गेले.

दवाखानाही बराकीतच होता. डॉक्टरीणबाई दंडाला पट्टा बांधून तो फुगवायच्या आणि कपाळाला आठ्या घालायच्या. मग लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरायच्या. एकदा ती नळी तापता तापता दुधासारखी पांढरी झाली. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. मी घाबरून मासीला विचारलं, काय म्हणाल्या? मासी म्हणाली, "चांगला हाय. म्हनते, दूध बक्कल येनार." मी घरी येऊन ह्यांना ते कौतुकाने सांगितलं. ह्यांनाही बरं वाटलं.

मीठ बंद म्हणजे बंदच. माझे पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि डोहाळे लागले होते ते नेमके लोणच्याचे. आईने गावाहून बरणी पाठवली, ती मासीने जप्त केली. "मीठ खाल्लास तर पोर खारा होईल," म्हणाली. पुढचे आठ दिवस आख्खी रांग माझ्या आईच्या हातचं लोणचं खात होती. येता-जाता बायका मला बोटं चाटून दाखवायच्या, आणि मी अळणी भात गिळायची. मासीला मी त्या दिवसांत काय काय बोलले, ते सांगण्यासारखं नाही. तिला त्यातलं काहीच कळलं नाही, कारण भाजीवाल्या बायका गिऱ्हाइकाशी असं बोलत नसत.

मासीची स्वतःची लेक सिंध सोडून येताना बोटीत बाळंतपणात अडली होती. हे तिने मला एकदाच सांगितलं, पापड लाटता लाटता. पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

सातवा लागला आणि आप्पा, माझे वडील, मला न्यायला आले. रेल्वे, मग मोटार, मग बैलगाडीतून डोंगराची वाट, असं आमचं माहेर. मी पेटी भरून तयार. इतक्या महिन्यांनी ह्यांच्याखेरीज कुणीतरी माझ्याशी सरळ मराठीत बोलत होतं, मला तर तिथल्या तिथे नाचावंसं वाटत होतं. पाय सुजले नसते तर नाचलेही असते. तेवढ्यात मासी आत आली आणि आप्पांसमोर बसली.

"भाऊ, पोरीचा पयला बालंतपन कुठं?"

"माहेरी," आप्पा म्हणाले. "आमच्यात तोच रिवाज आहे."

"रिवाज मोडायचा नाय?"

"छे छे! भलतंच!" गावातले तंटे आप्पा सोडवायचे ते रिवाजावर बोट ठेवूनच.

मासी उठून गेली ती ताटात तांदूळ, नारळ आणि स्वतःची एकुलती एक रेशमी ओढणी घेऊन आली. मला पाटावर बसवून तिने माझी ओटी भरली. ओटी कशी भरतात हे तिला कुणी शिकवलं, देव जाणे. मग आप्पांना म्हणाली, "आता ही माजी लेक. माजा घर हिचा माहेर. रिवाज पालायचा, भाऊ."

दवाखान्यातून नको म्हणालेत असं तिने सांगितलं असतं, तर आप्पांनी ऐकलं नसतं. 'आमच्या सुईणीच्या हातून सगळं गाव जन्मलंय' म्हणाले असते. रिवाज मात्र त्यांचाच होता. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई बोलतात ते चुकीचं नाही." माझी पेटी उचलून त्यांनी स्वतःच समोरच्या बराकीत नेऊन ठेवली. मी हमसाहमशी रडले. त्या दिवशी मला मासीचं तोंड बघायची इच्छा नव्हती, आणि राहायचं होतं तिच्याच खाटेवर.

मी दवाखान्यात बाळंत झाले ती भर दुपारी. मला फारसं आठवत नाही. डोळ्यांपुढे सारखी अंधारी येत होती, अंगाला झटके येत होते आणि डॉक्टरीणबाई जोरजोरात काहीतरी सांगत होत्या. मासी मधेच बाहेर जाऊन आली एवढं कळलं. मुलगी झाली. ती उशिरा रडली, पण रडली. मी जगले. मासी माझ्या उशाशी येऊन म्हणाली, "म्हनते, आता मीठ खा."

पुढे आम्हाला अंबरनाथला जागा मिळाली, तरी दर सणाला लेकीला घेऊन मी कॅम्पात जायची. माहेर होतं ना ते! लेक दुसरीत असताना मासी गेली. आम्ही तिघंही तिच्या घरी गेलो. डॉक्टरीणबाई तिथे येऊन बसल्या होत्या. तोवर त्यांना छान मराठी यायला लागलं होतं. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत त्या ह्यांना म्हणाल्या, "तुमचं त्या दिवसाचं उत्तर मी अजून विसरले नाही."

"कुठलं उत्तर?" ह्यांनी विचारलं.

"मी मासीला बाहेर पाठवलं होतं. म्हटलं, नवऱ्याला विचार, दोघांपैकी एकच हाताला लागलं तर कोणाला वाचवू? मासी आत येऊन म्हणाली, तो म्हणतोय, दोघं मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही. मला असा राग आला तुमचा! पण मग मला पण हट्टच चढला."

हे म्हणाले, "मला असं काहीच कुणी विचारलं नाही."

"मासी तुमच्याकडे आली नव्हती?"

"आली होती ना. म्हणाली, बाबू, डॉक्टर म्हनते, अजून येल हाय, चहा पिऊन ये."

"मग?"

"मग मी चहा प्यायला गेलो."

मी लेकीला जवळ ओढलं, आणि त्या परक्या मुलखात, सगळ्या सिंधी बायकांच्या मधे बसून, सख्ख्या आईसाठी रडावं तशी मोठ्याने रडले.