पाच हातांची आई

अक्का शिकवायला उभी राहिलेली मी कधी पाहिली नाही. पन्नाशी उलटलेली ही बाई पहिलीच्या वर्गात पोरांमध्ये पालथी पडून चित्रं काढायला लावायची. ती पडली की फरशी दोन बोटं खाली जाते, असं मी शपथेवर सांगायचो. खोडरबर तर दिसला की जप्त. तीस वर्षांत जमलेल्या रबरांतून ट्रॅक्टरची दोन टायरं सहज निघाली असती.

चोपड्याजवळच्या आमच्या शाळेत चित्रकलेला वेगळा शिक्षक कुठला! अक्का व्हरांड्याच्या भिंतीचा खालचा भाग पोरांना गेरूने रंगवायला द्यायची. मुलाच्या चित्राला मोठ्यांचा हात लागू द्यायची नाही. "पोरगं जे देखस, ते काढस. तुम्ही मुकाट बठा, गुरुजी," असं मला ऐकवायची.

पहिलीतल्या निकिताने आई काढली. डोक्यावर केळीचा घड आणि हात पाच. मी म्हटलं, "अक्का, मोजायला तरी शिकवा!"

"सकायथून राबतांना देखा का तिनी मायले? पाच हात बी कमी पडतस."

त्याच पावसाळ्यात तापाने निकिता गेली. तिच्या घरात तिचा फोटोसुद्धा नव्हता. आई रोज सकाळी केळीच्या बागेत कामाला जाताना व्हरांड्यात थांबायची, पाचही हातांवरून बोट फिरवायची आणि जायची.

पुढच्या वर्षी मोठे साहेब तपासणीला येणार, असा निरोप आला. अक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जळगावला होती. मुख्याध्यापक मी. रंगाऱ्याला म्हटलं, वरपासून खालपर्यंत चुना मार आणि वर पाढे लिही. त्याने पाच हातांवर बोट ठेवून विचारलं, "हेबी?" साहेबांना हे कुठे समजावत बसू, असं मनात आलं. मी होकाराची मान हलवली.

दुसऱ्याच सकाळी अक्का काळा चष्मा लावून परतली. भिंतीला तळवा लावला. तळवा पांढरा झाला. कुणी सांगितलं, एवढंच विचारलं. मी बूट बघत राहिलो. तेवढ्यात निकिताची आई आली.

"अक्का, मनी पोर कोठे गयी?"

"मीच सांगं व्हतं चुना माराले," अक्का म्हणाली.

मी तोंड उघडलं. तिने माझं मनगट असं आवळलं की अजून दुखतं म्हटलं, तरी फार खोटं नाही.

"मंग परत काढी द्या. तुमले चित्र बठ्ठं याद शे."

"मी काढं त मनं चित्र व्हई, माय. तिनं नही."

ती बाई पायऱ्या उतरली. पुढे अक्काकडे तिने कधी पाहिलं नाही.

"असं का केलंत?" मी विचारलं.

"तिनी धाकली पहिलीमा शे, पुढला साल तुमना वर्गात येई, गुरुजी. तुमनावर राग धरा त पोर शाया सोडी दी. मी काय, उन्हायामा रिटायर होस."

निरोप समारंभाला अख्खं गाव लोटलं. अक्का माझं भाषण ऐकत होती, पण नजर फाटकाकडे. निकिताची आई आली नाही.

या दिवाळीत धुळ्याला भावाच्या घरी अक्का वारली. बाजारात निकिताची आई भेटली. "रामराम गुरुजी, धाकली आठवीत गयी. तुमनी कृपा."

मी तिला अक्काची बातमी सांगितली.

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "जिनी मनी पोर पुसी टाकी, तीच ना?"

मी म्हणालो, "हो. तीच."