कळंबची चाळीस कनेक्शनं

शुक्रवारी महंमद हनीफ पहाटे चारला उठला. तासभर वाचन, मग नमाज, मग जुन्नरहून आळेफाट्याची पहिली गाडी. सतरा दिवस हेच चाललं होतं. एक दिवस चुकवला नाही, तरी काम होत नव्हतं.

वय चौपन्न. तेवीस वर्षं खांबावर गेली; आधी टीव्हीची केबल, नंतर फायबर. यंदा डाव्या गुडघ्यानं शिडी नाकारली. आळेफाट्याला इंटरनेटचा धंदा चालवणाऱ्या वैजयंतीताईंनी आडपडदा ठेवला नाही. "हनीफभाई, शिडी संपली तुमची. नव्या पत्त्यांचं काम शिकलात तर ऑफिसात बसा. नाहीतर मला दुसरा माणूस बघू द्या."

घरात कमावणारा तो एकटा.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुने पत्ते संपले होते. ताईंकडे मोजकेच, एकेकामागे दोनशे घरं कोंबलेली. नवा पत्ता लांबलचक, आकडे-अक्षरं मिसळलेला, पण घरटी हवे तितके. हनीफ दहावी नापास. रोज शंभर पत्ते तो वहीत हातानं लिहून काढी, आणि इंग्रजी माहितीपुस्तकाचं एक पान समजायला त्याला दोन दिवस लागत.

"चाचा, शिडीवरनं उतरला ते थेट कॉलेजात?" लाईनवरचा पप्पू म्हणायचा.

"तू वर चढ. खाली बघू नको."

चार दिवसांपूर्वी त्यानं कळंबची चाळीस कनेक्शनं नव्या पत्त्यांवर घेतली. दिवे हिरवे झाले आणि तक्रारी सुरू झाल्या. ताईंनी शुक्रवार दुपारी दोनपर्यंत मुदत दिली. नाही जमलं, तर काम पुण्याच्या एजन्सीला.

नऊला कळंबच्या सावळारामचा फोन आला. "राव, मेसेज जातोय, फोटू न्हाई. नुसतं चाक फिरतंय. पोरीचा फोटू हाय, पावणं तिकडं खोळंबल्यात!"

"बघतो, भाऊ."

"चार दिस बघतोयस! तवर पोरगी म्हातारी व्हईल."

हनीफनं जोड तपासले. पत्ते एकेक करून ताडले. राऊटर बंद करून चालू केला. सगळं बरोबर होतं आणि फोटो जात नव्हता. बारा वाजले. डबा उघडला नाही. एक वाजला. जुम्याची नमाज त्यानं आयुष्यात तीनदा चुकवली होती, ही चौथी. वाचलेलं डोक्यात शिरत नव्हतं. तरी त्यानं पुस्तकातलं तेच पान पुन्हा काढलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवत गेला.

एका ओळीवर बोट थांबलं. जुन्या पद्धतीत वाटेतला राऊटर माहितीचा मोठा गठ्ठा स्वतः फोडून पुढे पाठवी. नव्यात तो फोडत नाही. पाठवणाऱ्याला उलट निरोप देतो: माल दारातून जात नाही, लहान करून पाठव. तो निरोप पिंगच्याच, म्हणजे एका यंत्रानं दुसऱ्याला 'आहेस का?' म्हणून मारलेल्या हाकेच्याच, वाटेनं जातो.

आणि पिंग हनीफनंच बंद केला होता. त्याचे उस्ताद कुशाबा यांनी वीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं: नवा राऊटर लावला की आधी पिंग बंद कर, मग चहा पी. म्हणजे बाहेरच्या चोराला दार वाजवून बघता येत नाही. इतक्या वर्षांत हनीफ हे कधी विसरला नव्हता. इथंही मुख्य राऊटरवर पहिल्याच दिवशी, सगळ्यात आधी, त्यानं तेच केलं होतं. निरोप दारातच मरत होते आणि पाठवणारा वाट बघत बसत होता.

पिंग बंद करणारी ओळ त्यानं राऊटरमधून काढून टाकली. दोनला दहा मिनिटं कमी होती. त्यानं कळंबला फोन लावला.

"पाठवा आता."

पलीकडून सावळाराम ओरडला, "गेला! गेला की रं!"

ताई दारात उभ्या होत्या. "काय झालं होतं?"

यंत्रावर ढकलता आलं असतं. "माझीच चूक. जुनी सवय."

"चार दिवस?"

"चार दिवस."

त्यांनी एजन्सीला नको म्हणून कळवलं. हनीफला ठेवलं, पण महिन्या-महिन्याच्या बोलीवर.

पहिला पगार किराण्यात आणि वीजबिलात गेला. दुसरा घरभाड्यात. तिसऱ्यातून बायकोची, दिलशादची, कवळी झाली. वरची. खालची अजून व्हायची आहे.