उडण्याचा अर्ध्या दिवसाचा धडा

"मीटर पळतोय सर, पटकन सांगा. उडायला शिकायचं तर सगळ्यात कमी पैशात काय आहे तुमच्याकडं?"

फोन घोडेगावच्या एसटीडी बूथवरून होता. आवाज बाईचा, ठाम. मी त्या वेळी पुण्याच्या एका छोट्या क्लबमध्ये पॅराग्लायडिंगचा इन्स्ट्रक्टर होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि हा प्रकार अजून लोकांना नवा होता. इंजिन नाही, पेट्रोल नाही. डोक्यावर कापडाचा लांब पंख, आम्ही त्याला विंग म्हणतो, आणि खाली दोऱ्यांना लटकलेला माणूस. उतारावरून पळायचं, विंगमध्ये हवा भरते, पाय सुटतात. आमच्या गावाकडं सगळे त्याला छत्रीच म्हणत.

मी नेहमीचं उत्तर दिलं. "टँडेम घ्या मॅडम. मोठ्या डोंगरावरून इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात बसायचं. पंधरा मिनिटं. तुम्हाला काहीच करावं लागत नाही."

"काहीच करायचं नाय तर मग शिकायचं काय त्यात?"

त्याच पुढं म्हणाल्या, "विमानाचं इचारलं मी पुण्यात. अर्ध्या तासाला माझा दीड महिन्याचा पगार मागत्यात. ग्लायडरचा नंबर कधी लागंल ते सांगत नायत. म्हणून तुमाला फोन केला. शिकायचं सांगा."

"अर्ध्या दिवसाचं ग्राउंड ट्रेनिंग असतं. पण त्यात उडणं जवळजवळ नसतं. विंग जमिनीवर सांभाळायला शिकायचं आणि जमलं तर बारक्या टेकडीवरून चार-पाच फूट उंचीच्या दोनतीन उड्या."

"किती जणांमागं एक मास्तर?"

"चार."

"हेल्मेट तुमचं का आमचं? आन वारा नसला तर पैसे परत का दुसरा दिवस?"

इतके नेमके प्रश्न मला तोवर कुणी विचारले नव्हते. पुण्याची गिऱ्हाईकं विचारत, किती उंच जाणार आणि फोटो मिळणार का. मी सांगितलं, हेल्मेट आमचं, वारा नसला तर दुसरा दिवस.

"मग अर्धा दिवस लिवा. नाव मंदाकिनी. वय सत्तेचाळीस. तळेघरकडं नर्स आहे मी. बावीस वर्सं झाली."

आमचे मोहिते साहेब, म्हणजे क्लबचे मालक, यांना हे अजिबात आवडलं नाही. अर्ध्या दिवसाच्या ट्रेनिंगमध्ये त्यांना काही सुटत नसे.

"तिला टँडेमला कन्व्हर्ट कर," ते म्हणाले.

"तिला शिकायचंय सर."

"सत्तेचाळीस वर्षांची बाई शिकून काय करणार?"

"ते नाही विचारलं मी."

हिवाळ्यात आम्ही पेठच्या बाजूची एक टेकडी वापरायचो. पेठ माझं गाव, त्यामुळं जागा मीच शोधली होती. पूर्वेकडं तोंड केलेला मऊ गवताचा उतार, खाली शेतं. त्या उतारावर बिरूआबा मेंढरं चारायचे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरची मेंढरं तिथंच चरत आलेली, म्हणून आम्ही आधी त्यांना विचारून मगच छत्री पसरायचो. सकाळी ते मेंढरं वरच्या अंगाला न्यायचे आणि आमची गंमत बघत बसायचे.

ठरल्या रविवारी मी सव्वासहाला पोचलो तर मंदाताई आधीच येऊन बसल्या होत्या. आदल्या दिवशी मंचरला नणंदेकडं मुक्काम करून पहिल्या एसटीनं आल्या होत्या. अंगात मुलीचा पंजाबी ड्रेस, पायांत घोट्याच्या वरपर्यंतचे कॅनव्हासचे बूट. पावसाळ्यात वाड्यावस्त्यांवर लसी घेऊन जाताना घालायचे, चिखलाचे डाग न निघालेले. बाकीचे तीन विद्यार्थी आलेच नाहीत. एका मास्तरामागं एकच बाई उरली.

पहिले दोन तास मी त्यांना जमिनीवरच ठेवलं. पाठीला हार्नेस, म्हणजे दप्तरासारखी बैठक. दोन्ही हातांत एकेक दोरी, ते ब्रेक. हात वर ठेवले की विंग मोकळी उडते, खाली ओढले की तिचा वेग कमी होतो. फार ओढले तर ती उडायचीच थांबते आणि दगडासारखी खाली येते. नवशिक्यांना मुख्य भीती इथंच. माणूस घाबरला की हातात जे असेल ते ओढतो.

विंगनं त्यांना दोनदा आडवं पाडलं. तिसऱ्यांदा ती डोक्यावर सरळ उभी राहिली आणि त्या तिच्याखाली पावलं टाकत राहिल्या. मान वर, तोंड उघडं. मला वाटलं काही दुखलं.

"काय झालं ताई?"

"जिती हाय की हो ही," त्या म्हणाल्या. "वासरू धरल्यावानी वढती."

पळण्यात मात्र त्या आमच्या कॉलेजच्या पोरांना भारी होत्या. पाय सुटायला लागले की बहुतेक जण पळायचं थांबवतात आणि आपटतात. मंदाताई हवेतसुद्धा पाय मारत राहिल्या. बावीस वर्षं डोंगर उतरलेले पाय ते. पहिल्या उडीत तीन पावलांपुरती जमीन सुटली. दुसरीत आठ सेकंद. दोन्ही वेळा त्या विंग गोळा करून स्वतः चढून वर आल्या, मला उचलू दिली नाही.

पावणेदहाला मोहिते साहेबांची जीप आली. सोबत पुण्याची तीन माणसं.

"झालं ना? एक शेवटची उडी घे आणि जागा मोकळी कर. यांना फोटो काढायचेत."

मी विंडसॉककडं पाहिलं. काठीला बांधलेली कापडी नळी असते ती, वारा कुठून आणि किती ते सांगते. सकाळपासून सुरेख फुगलेली होती. आता लोंबकळत होती. बिरूआबा दगडावरून उठले.

"मास्तर, वारा दम धरून बसलाय. समोर बगा, घारी वर निगाल्यात."

त्याचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. ऊन चढलं की उतार तापतो. तापलेली हवा काही वेळ जमिनीला चिकटून राहते आणि मग फुग्यासारखी सुटून वर जाते. तिला थर्मल म्हणतात. घारी त्यातच फिरत फिरत वर जातात. सुटण्याच्या आधी वारा असाच थोडा वेळ पडतो. हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून शिकवायचो. आणि तरी मी म्हणालो, "एकच उडी आबा."

साहेब घड्याळ बघत होते, एवढंच कारण. दुसरं काही नव्हतं.

मी उताराच्या मध्यावर उभा राहिलो. मंदाताईंच्या हार्नेसला वॉकीटॉकी बांधला होता. त्यांना माझं ऐकू यायचं, पण हात ब्रेकवर असल्यानं उत्तर देता यायचं नाही. त्या पळाल्या. विंग वर आली, पाय सुटले. पाच फूट. आता खाली येतील म्हणून मी बघतोय, तर माझ्या डोक्यावरून गेल्या. मग बाभळीच्या शेंड्याच्या वर. मग मला मान मागं टाकावी लागली.

त्यांनी ब्रेक ओढले. घाबरून, छातीपर्यंत. विंग मागं झुकायला लागली.

"हात वर!" मी ओरडलो. "ताई, हात वर! कानापर्यंत!"

एक क्षण काहीच झालं नाही. मग दोन्ही हात वर गेले आणि विंग पुढं येऊन सरळ झाली. पण त्या अजून वरच चालल्या होत्या. गावच्या पाण्याच्या टाकीच्या तिप्पट उंची झाली असेल.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर दुसरा आवाज आला. साहेबांनी जीपमधला सेट उचलला होता. "लेफ्ट घ्या! नाही, ब्रेक, ब्रेक लावा!"

मी वळून साहेबांकडं पाहिलं. "सर, सेट ठेवा. एकच आवाज जाऊ द्या."

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी असं बोललो नव्हतो. त्यांनी सेट बॉनेटवर ठेवला.

मी श्वास घेतला आणि आवाज खाली आणला. "ताई, ऐकू येत असेल तर दोन्ही पाय हलवा."

वर, निळ्यात, दोन कॅनव्हासचे बूट हलले.

"छान. काहीही करू नका. समोर घाटाच्या रस्त्याकडं बघा आणि तशाच चला. टेकडीपासून लांब जायचंय आपल्याला."

मग जे दिसलं ते मी आजही विसरलेलो नाही. समोरच्या घारी फिरत फिरत त्यांच्या उंचीला आल्या. तीन होत्या. त्या बाईच्या भोवतीनं एक गिरकी घेऊन वर निघून गेल्या, जणू तिथं कुणी असणं रोजचंच. खाली पुण्याची माणसं कॅमेरे हातात धरून नुसती उभी होती. मेंढरंसुद्धा चरायची थांबली, असं मला वाटलं. नऊ वर्षं मी हेच काम करत होतो. बिलं, फाटलेल्या विंगा, जीपचं डिझेल, यात माणूस उडतो ही गोष्ट माझ्या डोक्यातून केव्हाच निघून गेली होती. त्या मिनिटाला भीती होतीच, पण ती गोष्ट मला पुन्हा पहिल्यांदा दिसत होती.

"बाईमाणूस घारीच्या बरूबर गेलं राव," आबा हळूच म्हणाले.

पुढं शेतात पंपांना गेलेली विजेची लाइन होती. मंदाताई डावीकडं, तिच्या दिशेनं सरकत होत्या.

"ताई, फक्त उजवा हात खांद्यापर्यंत. हळू. डावा वरच." विंग उजवीकडं झुकली. "तसंच धरा. धरा. आता उजवा परत वर."

तारा त्यांच्या डावीकडं राहिल्या. थर्मलमधून बाहेर पडल्यावर त्या खाली यायला लागल्या. पुढं नांगरून ठेवलेलं एक रिकामं रान होतं.

"समोरच्या नांगरटीत उतरायचं. पायांवर उभं राहायच्या तयारीत राहा. हात वर. अजून वर. अजून. आता! दोन्ही खाली, पूर्ण खाली!"

विंग थबकली. त्या ढेकळांत तीन पावलं पळाल्या आणि मटकन बसल्या.

मी उतारावरून धावत सुटलो. पोचलो तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर, नजर घड्याळावर.

"कुठं लागलं का?"

"थांबा." ओठ हलत होते. मग त्यांनी हात सोडला. "एकशे बत्तीस. चालंल."

स्वतःची नाडी मोजत होत्या.

मी ढेकळावर बसलो. "ताई, चूक माझी झाली. ही उडी मी सोडायला नको होती. आबांनी सांगितलं होतं मला."

"मला कळलं ते. तुमचा आवाज पयल्यांदा चिरकला. मग नीट आला. तिथनं पुढं मी ऐकलं." हेल्मेटचा पट्टा सोडत त्या म्हणाल्या, "बाळंतपणात आसंच आसतं. एकीनं सांगायचं, एकीनं ऐकायचं. समद्या ओरडल्या का काम बिघाडतं. ते दुसरे साहेब मधी बोलले तवा मात्र भ्याले मी."

थोडा वेळ त्या वर बघत राहिल्या. तिथं आता काही नव्हतं.

"किती येळ व्हते मी?"

"चार मिनिटं. थोडी जास्त."

"नाय हो. लई येळ व्हते." मग एकदम माझ्याकडं वळून म्हणाल्या, "वर समदं ऐकू येतं, तुमाला म्हाईत हाय? मला वाटलं गप्प आसंल. कुत्रं भुकत व्हतं, पंप चालू व्हता. त्या पलीकडच्या वस्तीवरची बाई लेकाला जेवायला हाक मारीत व्हती. ती हाक माझ्यापत्तूर आली. बावीस वर्सं त्या वाड्यावस्त्यांवर हिंडले मी. एका घरात गेले का दुसरं दिसत नाय. आन वर समदी घरं एकदम. समद्यांचे आवाज एकदम." त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले. "कसं सांगू? मला येत नाय सांगायला."

मी त्यांची विंग गोळा करायला लागलो. या वेळी त्यांनी करू दिली.

मोहिते साहेब खाली आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. आधी त्यांनी मंदाताईंची चौकशी केली, मग मला बाजूला घेतलं.

"रिपोर्टमध्ये काय लिहिणार?"

"झालं ते. वारा पडला होता, मला दिसलं होतं, तरी सोडलं. इन्स्ट्रक्टरची चूक."

"आणि मी घाई केली ते?"

"ते तुम्ही लिहा सर."

त्यांनी लिहिलं. माझ्या सहीखाली दोन ओळी आणि त्यांची सही. पुण्याच्या पाहुण्यांना त्या दिवशी फोटोशिवाय परत पाठवलं. पुढच्या आठवड्यापासून क्लबमध्ये नियम झाला: साडेनऊनंतर नवशिक्याचे पाय जमिनीवरून सुटणार नाहीत, मग जीपमध्ये कुणी का बसलेलं असेना.

मंदाताई पुढच्या दोन हिवाळ्यांत सुट्टी साठवून साठवून आल्या आणि पूर्ण कोर्स केला, प्रत्येक वेळी अर्धा दिवस. टँडेम त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. कोर्सच्या अखेरीस मोठ्या डोंगरावरून एकट्या उडाल्या तेव्हा वॉकीटॉकीवर मला फक्त "उतरा आता" एवढंच म्हणावं लागलं, आणि तेही दोनदा.

मी आता निवृत्त आहे. उडायला शिकायचंय, कुठं जाऊ, असं कुणी विचारलं तर एवढंच सांगतो: किती उंच नेणार हे विचारू नका, जमिनीवर किती वेळ ठेवणार ते विचारा. जास्त वेळ ठेवणारा मास्तर धरा. बहुतेक तो स्वस्तही असतो.