मामांनी लिहिलेले जबाब

मामा आधी उत्तर लिहायचे आणि मग प्रश्न विचारायचे. पेनाचं टोपण दातात धरायचं, दोन कागदांमध्ये कार्बन सरकवायचा, चार ओळी सरसर उतरवायच्या आणि मगच खाटेवरच्या पोराकडे बघून म्हणायचं, "चुकान झाला मां? होय म्हण."

पोर होय म्हणायचं. नाही म्हणून सांगणार कोणाला?

मी तेव्हा पूर्व उपनगरातल्या पालिकेच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मामा म्हणजे आमच्या कॅज्युअल्टीतल्या पोलीस चौकीवरचे हवालदार. चौकी कसली, जिन्याखाली एक टेबल, एक खुर्ची आणि टोपी अडकवायला भिंतीत एक खिळा. अपघात असो, मारामारी असो, डॉक्टर आधी त्यांना हाक मारायचे, कारण पोलिसांत नोंद झाल्याशिवाय केस पुढे सरकत नसे. माणूस मालवणकडचा, पोट सुटलेलं, जीभ तिखट. माझ्या चहाला सलाइन म्हणायचे, ना रंग ना चव, आणि वर दुसरा कपही मागायचे. तुम्हीही पाहिला असेल असा एखादा पोलीस, वर्दीत असूनही ज्याची कोणाला भीती वाटत नाही.

जून उजाडला, दहावीचा निकाल लागला, की आमच्याकडे ती मुलं यायची. नापास झालेली, जिवावर उदार झालेली. घाटकोपरच्या डोंगरावरून, भांडुपहून, मुलुंडच्या कॉलन्यांतून. आई अनवाणी धावत आलेली, बाप दाराबाहेर भिंतीला टेकून उभा. पोर वाचलं म्हणून जरा कुठे श्वास घ्यावा तर समोर पोलीस. कारण त्या वेळच्या कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न करणं हा गुन्हा होता. मोठ्याला वर्षापर्यंत कैद, लहान असेल तर रिमांड होम आणि तारखांवर तारखा.

वा रे कायदा! पंधरा वर्षांचं पोर जगायला कंटाळलं, तर त्याला धरून कोर्टात उभं करायचं. शाळांना फीचे नियम होते, पटाचे होते, हजेरीचे होते. पोराच्या मनात काय चाललंय ते कोणी विचारायचं, याचा नियम मात्र मला तरी कुठे दिसला नाही. आजही ते आठवलं की माझं डोकं सणकतं.

"एकदा खरा लिवलंय, पुन्हा नाय," असं मामा म्हणायचे. नोकरी नवी असताना त्यांनी एका मुलाचा जबाब जसाच्या तसा उतरवला होता. मग त्याला तारखांना कोर्टात न्यायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. बसमध्ये शेजारी पोलीस म्हणून लोक त्या मुलाला पाकीटमार समजायचे, आणि तो खिडकीकडे तोंड करून बसायचा. शाळेनं दाखला हातात दिला. शेवटच्या तारखेपर्यंत तो मुलगा बोलायचाच बंद झाला होता. तेव्हापासून मामांचा एकच मजकूर. 'मी खोकल्याचे औषध समजून चुकून दुसऱ्या बाटलीतील औषध घेतले. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.'

एकदा एकाच दिवशी असे चार जबाब झाले. त्यांच्या साहेबांनी विचारलं, नेमक्या नापास मुलांनाच खोकला कसा होतो? मामा म्हणाले, "साहेब, हवा दमट हा." साहेबांनी मुकाट्यानं सही केली. मला हे सांगताना मामांचं पोट गदगदून हलत होतं आणि मीही हसत होते. आपण पोरं वाचवतोय असं आम्हा दोघांना वाटायचं.

दुसऱ्या मजल्यावर दर गुरुवारी मनाचे डॉक्टर बसायचे. चांगला माणूस होता, पोरांशी शांतपणे बोलायचा. पण केसपेपरवर 'चुकून' आलं की त्यांच्याकडे पाठवायचं कारणच उरत नसे. बाटली बदलली एवढंच झालं, तर मनाचा डॉक्टर कशाला? पोट साफ झालं, नाडी ठीक आहे, घेऊन जा घरी. हे मला दिसत होतं. मामांनाही दिसत असणार. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

मग ती आली. घाटकोपरच्या एका चाळीतली, गणितात गेलेली. दुपारपर्यंत चांगली शुद्धीवर आली होती. तिचे मुख्याध्यापक तोवर येऊन गेले होते. तिला भेटायला नव्हे हो, शाळेचं नाव कागदावर येऊ नये हे मामांना सांगायला. मामांनी नेहमीसारखं लिहून ठेवलं आणि विचारलं, चुकून ना?

ती म्हणाली, "नाही."

मामांनी तोंडातलं टोपण काढलं. "असा बोलू नये, बाय. होय म्हण."

"चुकून नाही. मला सांगायचंय, का ते."

आईनं पदर तोंडावर दाबून धरला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. तिनं सांगितलं तर त्यांना लिहावं लागणार होतं, आणि लिहिलं की पुढचं सगळं आलंच. मी पुढे झाले. "गप्प राहा गं," मी म्हटलं, "तुझ्याच भल्याचं आहे." तिच्या उजव्या हाताला सलाइन लावलेलं, सही करता येईना, म्हणून अंगठा घ्यायचं ठरलं. शाई मी लावली, मनगटही मीच धरलं. तिनं हात ओढून घेतला नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईबरोबर घरी गेली.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा निकाल लागला त्या आठवड्यात तिला परत आणलं. या वेळी ती वाचली नाही.

चौकीवर मामाच होते. आणि कायद्याची गंमत बघा, जगलेल्या पोरावर गुन्हा, मेलेल्यावर काहीच नाही. आता खरं लिहायला कोणाची आडकाठी नव्हती. मामांनी कोरे कागद घेतले, बापाला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि एकेक विचारलं. घरात कोणी बोललं होतं का, शाळेत काही घडलं होतं का, कोणाची भीती होती का. बाप नुसता मान हलवत राहिला. आईलाही काही माहीत नव्हतं. शाळेकडून निरोप आला की मुलगी आता शाळेच्या पटावर नाही.

मग मामा वॉर्डात माझ्याकडे आले. कागदावर वर तिचं नाव आणि वय, खाली सगळं कोरं.

"सिस्टर, तुम्ही त्या दिवशी तिच्याजवळ होतात," ते म्हणाले. "काय सांगूचा होता तिका?"

होते ना. ड्युटी संपेपर्यंत होते. तिला पाणी पाजलं, केस विंचरून दिले. मधे एकदा तिनं बोलायला तोंड उघडलं तेव्हा झोप म्हणून दटावलं होतं.

"मला माहीत नाही, मामा," मी म्हटलं. "मी विचारलंच नाही."

त्यांनी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, 'कारण समजून आले नाही.' मला वाटतं, कित्येक वर्षांत त्यांच्या हातून लिहिला गेलेला तेवढाच एक खरा जबाब. महिन्याभरात त्यांनी बदली मागून घेतली. जाताना मला भेटले नाहीत. पुढे गावाला गेले आणि तिथेच वारले, असं कोणीतरी सांगितलं.

त्यांच्या जागी एक तरणा हवालदार आला. पुढच्या जूनमध्ये निकाल लागला, पहिलं पोर आलं, तेव्हा तो बावरून म्हणाला, सिस्टर, यात काय लिहायचं असतं?

मी त्याला तो मजकूर सांगितला. मला पाठ होता.